पलीकडचा भोवरा

कयाक म्हणजे एकट्यानं वल्हवायची चिंचोळी नाव. ती घेऊन एकटीनं तलाव ओलांडायचा, पलीकडच्या काठाला हात लावून यायचं, तरच पर्यटकांना फिरवायचं काम हर्षाला मिळणार होतं. तिच्या आधी गावातली एकही बाई त्या काठाला फिरकली नव्हती. तशी बंदीच होती.

सरपंच बापूराव आणि पारावरचे त्याचे चार चमचे आठवडाभर तिच्या कानाशी लागले होते. "तिकडं भोवरा हाये व पोरी, हत्ती गिळते तो! बाईच्या जातीनं काऊन मराले जावं?" आईनं तर रडून रडून जेवण सोडलं.

"बुडली तं बुडली," म्हणून हर्षा उजाडता उजाडता निघाली. मधात पाणी काळंभोर झालं, तळाचा पत्ता नाही. परत फिरावंसं वाटलं, तरी ती वल्हं मारत राहिली. शेवटी धुकं सरलं आणि काठ दिसला. भोवरा कुठंच नव्हता.

हागणदारीमुक्त गावाचा पुरस्कार हार घालून घेतलेला बापूराव आणि त्याचे चारही चमचे, पुढ्यात पाण्याच्या बाटल्या ठेवून, काठावर ओळीनं उकिडवे बसले होते.

"ए पोरी, मागं फिर! मागं फिर व!" बापूराव बसल्या बसल्या किंचाळला.

 

"जय भीम, सरपंचभाऊ! उठू नका, बसा आरामानं," हर्षा म्हणाली आणि नाव सरळ काठाकडं घेतली.