जिन्याच्या वळणावर

सव्वासहाला जिन्यावर कुणीतरी दोनदा खाकरलं आणि शर्वरीच्या हातातली घडी घातलेली साडी खाली पडली.

बाबांचं खाकरणं! अगदी तेच. कचेरीतून आले की एकनाथराव जिन्याच्या वळणावर थांबायचे, दोनदा खाकरायचे आणि मगच वर यायचे. बायकांनी सावरून बसावं, कुणीतरी चहाचं आधण ठेवावं, असा तो जुन्या घरातला रिवाज. पण एकनाथरावांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

"आले," भामाबाई म्हणाल्या आणि मेथी निवडायची सोडून उठल्या. धाप लागत होती, तरी ओट्याशी उभं राहून त्यांनी दोन कप चहा केला. एका कपात साखर घातली, दुसऱ्यात नाही. बाबांना तर दोन चमचे लागायचे. आई विसरायला लागली, शर्वरीच्या मनात आलं. तो बिनसाखरेचा कप भामाबाईंनी दाराबाहेरच्या कोनाड्यात नेऊन ठेवला आणि दार लावून घेतलं.

"आई, कोण आहे बाहेर?"

"कोण म्हणजे? तुझे बाबा. दिवाळी सरली की येतात, संक्रांत झाली की थांबतात. म्हणून तर म्हणते, या तीन महिन्यांत मला कुठं नेऊ नक्को."

आणि शर्वरी आली होती ती नेमकी या तीन महिन्यांसाठी. थंडी पडली की अफझलगंजातल्या या घरावर धूर उतरायचा. मुसी नदीच्या काठी जळणारा कचरा, बसगाड्या, सगळ्याचा मिळून एकच करडा थर. खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं की काळं. भामाबाईंची फुप्फुसं इथला आणखी एक हिवाळा सोसतील असं वाटत नाही, डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. रत्नागिरीला शर्वरीच्या घरी समुद्राचा वारा होता. परवा रात्री साडेसातच्या बसची दोन तिकिटं तिच्या फोनमध्ये होती. आणि आईला यायचं नव्हतं, का तर मेलेला नवरा चहाला येतो!

सकाळी तिने कोनाड्यात पाहिलं. कप पालथा घातलेला होता. स्वच्छ धुतलेला.

संध्याकाळी ती सहालाच बाहेर जाऊन वरच्या पायरीवर अंधारात बसली. जिन्यातसुद्धा धूर होता, डोळे चुरचुरत होते. खालून पावलं आली. सावकाश, एकेका पायरीवर थांबत. वळणाशी एक काळी आकृती उभी राहिली आणि दोनदा खाकरली. शर्वरीने फोनचा उजेड पाडला.

मफलर गुंडाळलेले अप्पाराव. तळमजल्यावरचे, रेल्वेतून निवृत्त झालेले, बायको गेल्यापासून एकटे.

"काका, तुम्ही?"

"हल्लू बोल, बेटी," म्हातारा कावराबावरा झाला. "तुझे बाबा गेल्यावरच्या पहिल्या हिवाळ्यात खरंच खोकला आला होता मला. गच्चीवर चाललो होतो. वैनी दार उघडून धावत आल्या. त्यांचं ते तोंड बघितलं आणि मी अंधारातच खाली पळालो. कसं सांगायचं, की मी आहे म्हणून? तेव्हापासून थंडीत रोज चढतो. मला शुगर आहे, दमा आहे. पोरगा विजागला त्याच्याकडे बोलावतोय, डॉक्टर ओरडतोय. पण मी गेलो तर वैनींनी वाट कुणाची बघायची?"

शर्वरीला त्यांची दयाही आली आणि संतापही आला. "काका, तुमच्या या खोकल्यापायी आई मरेल हो माझी. पाया पडते, उद्या येऊ नका."

अप्पारावांनी मान हलवली आणि ते चहा न घेताच उतरून गेले. त्या दिवशी आईने कोनाड्यात ठेवलेला चहा शर्वरीनेच ओतून टाकला, कप धुतला, पालथा घातला.

तिसऱ्या दिवशी बॅग दाराशी तयार होती. सव्वासहा झाले. साडेसहा झाले. जिना गप्प. आधण आटलं, भामाबाईंनी पुन्हा पाणी घातलं. मग गॅस बंद केला. पुन्हा पेटवला. नुसते कान दाराकडे. शर्वरीने सगळं ठरवलं होतं. कुणी आलं नाही की आई थोडं रडेल, उठेल, बसमध्ये बसेल. पण आई रडली नाही. ओट्याला धरून उभी राहिली आणि तिची धाप वाढतच गेली. एवढीशी दिसायला लागली. वडील गेले त्या दिवशीसुद्धा शर्वरीने तिला असं पाहिलं नव्हतं.

तिला ते बघवेना. "बाहेरचा दिवा लावून येते," असं काहीतरी पुटपुटत ती जिन्यात गेली. दिवा लावला नाही. वळणावर जाऊन उभी राहिली. काय करतोय आपण, असं तिला वाटलं, आणि तरी घसा जाड करून ती बाबांसारखी दोनदा खाकरली. धूर घशात गेला, तिसरा खोकला आपोआप आला.

दार उघडलं. भामाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. हातात बिनसाखरेच्या चहाचा कप होता.

"सोंग पुरे, शरू," त्या म्हणाल्या. "तुझे बाबा सहा वर्षांपूर्वीच गेले, ते काय मला ठाऊक नाही? आधी पळत खाली जा आणि दार वाजव. अप्पाराव का आले नाहीत ते बघ."