शिळकऱ्याचा आवाज

गावाबाहेरची पाणथळ बुजवली गेली आणि शिळकरी पक्षी जगातूनच नाहीसा झाला. मागे उरला तो त्याचा आवाज, तोही आजोबांनी टेप करून ठेवला होता म्हणून. पक्षी दिसला की आजोबांना तहानभुकेची शुद्ध राहत नसे. आवाज टेप केला त्या पहाटे आजीही त्यांच्या शेजारी गुडघाभर चिखलात उभ्या होत्या. आजोबा गेले, मग घरातला टेपरेकॉर्डरही मोडला. संग्रहालयात जिवापाड जपतील, या आशेने आजींनी ती जुनी कॅसेट तिथे नेऊन दिली.

आज नव्या दालनात पहिल्यांदा ऐकण्याचा मान आजींचा होता. त्यांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले आणि डोळे मिटले. शीळ वाजली, थांबली, पुन्हा वाजली आणि संपली. आजी तशाच वाट बघत राहिल्या.

"एवढंच गं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"एवढंच वाचलं, आजी," दालन सांभाळणारी मुलगी म्हणाली. "आवाज उतरवून घेतानाच फितीचे तुकडे झाले. पण किती स्वच्छ केलाय बघा. दोन शिळांच्या मधे कुणीतरी 'ऐकतेयस ना गं?' असं कुजबुजत होतं. ते सगळं पुसून टाकलं."

आजींनी हेडफोन पुन्हा कानांवर धरले आणि बटण दाबलं.



पहिली शीळ थांबली, तशा त्या हळूच म्हणाल्या, "ऐकतेय हो."