झाकण उघडेपर्यंत

पाइपाचं झाकण काही केल्या फिरेना. बसवेशनं रॉकेल ओतलं, पाना लावला, त्यावर अंगाचा सगळा भार टाकला. गंजलेले आटे जागचे हलले नाहीत. हातोडा बाजूलाच पडला होता, पण तो उचलायची छाती होईना. न्हाणीच्या या जुन्या लोखंडी पाइपातच कुठंतरी त्याच्या वडिलांचं, शिवलिंगप्पांचं इष्टलिंग अडकलं होतं. सकाळी आंघोळ करताना शिवदोरा तुटला आणि गळ्यातलं लिंग मोरीच्या भोकातून खाली गेलं. घाव बसून ते फुटलं, तर हरवण्याहून वाईट.

लिंग हातात आल्याशिवाय अप्पा पाण्याचा थेंबही घेणार नव्हते. एरवी या नेमाचं दिंद्रुड गावभर कौतुक व्हायचं; सूनही तोच नेम पाळायची. आज मात्र त्यांनी आंघोळीआधीच इन्सुलिनची सुई टोचून घेतली होती, आणि पोटात अन्नाचा कण नव्हता.

बसवेशची बायको कावेरी घरातून धावत आली. "अहो, अप्पा घामानं चिंब झालेत. मला त्यांच्या आईच्या नावानं हाका मारायलेत."

"साखर घाल तोंडात!"

"घातली, थुकली. आता तोंडच उघडंनात. ॲम्ब्युलन्स आत्ता कुठं धारूरहून निघालीय."

"अन् मठातले स्वामी? नवं लिंग तरी देतील."

"ते काशीला गेलेत."

बसवेशनं पुन्हा पान्याला हात घातला. एका झाकणापायी बाप डोळ्यांदेखत जाणार, या भीतीनं त्याला रडू फुटलं. त्यानं भिंतीला कपाळ टेकलं.

कावेरीनं आपल्या गळ्यातला शिवदोरा काढला. त्यातलं लिंग पाइपाखालच्या गाळात बुडवलं आणि मूठ मिटून ती आत पळाली.

"अप्पा, सापडलं!"

ते धुऊन तिनं म्हाताऱ्याच्या डाव्या तळहातावर ठेवलं. अप्पांचा अंगठा त्याच्यावरून फिरला. थांबला. पुन्हा फिरला. जन्मभर रोज हातावर घेतलेलं लिंग; अंगठ्याला कळायचं राहील?

"लई गार लागतंय," अप्पा पुटपुटले.

"गटारातलं हाय, अप्पा."

अप्पांनी डोळे मिटले, ओठ हलले. मग त्यांनी तोंड उघडलं. तिनं साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. निम्मं छातीवर सांडलं, तरी पेला रिकामा झाला.

बऱ्याच वेळानं त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "कावेरी, तोंड सुकलं की तुझं. तू बी घोटभर पाणी पी, पोरी."

"पिते की," असं म्हणून तिनं पदर गळ्याभोवती घट्ट ओढून घेतला आणि मागच्या दारी आली.

बसवेश गोंधळून उभा होता. "सापडलं म्हनलीस? झाकण तर अजून..."

कावेरीनं खाली बसून पान्याचं टोक धरलं.

"जोर लावा," ती म्हणाली. "मला बी तहान लागलीय."