ओळखीचा चेहरा

परीक्षेआधी ओळखपत्रावरचा फोटो चेहऱ्याशी ताडून पाहायचा, म्हणून ढवळे मॅडम जुवेरियाला बाजूच्या खोलीत घेऊन गेल्या. तिनं नकाब वर केला. दोन वर्षं शिकवलेल्या मुलीचं तोंड त्या आज पहिल्यांदाच पाहत होत्या. ओठावर चहाची ओली रेघ होती.

"घरच्यांचा धाक असेल तर सांग हो, मी बोलते त्यांच्याशी," मॅडम हळूच म्हणाल्या.

"धाक कसला, मॅडम! अम्मी उलट रोज भांडते, काढ म्हणून."

"मग का घालतेस गं?"

"आधी मैत्रिणींचं बघून घातला, मग अल्लाहसाठी. आणि आता नकाब नसला, की मी मलाच ओळखीची वाटत नाही."

नवरा गेल्यावर सासूबाईंनी टिकली काढायला सांगितली, तेव्हा मॅडमनीही अगदी हेच उत्तर दिलं होतं. घरात एकालाही ते पटलं नव्हतं.

"ओठ पूस, चहा लागलाय," त्या एवढंच म्हणाल्या.

जुवेरियानं आरशात पाहून नकाब सारखा केला. तिच्या शेजारी उभं राहून मॅडमनी कपाळावरची टिकली बोटानं दाबून घट्ट बसवली.