दोरी कोणी कापायची

अंगणात पांढरं कापड अंथरलं होतं आणि त्यावर एक वर्षाच्या अल्दियारला उभं केलं होतं. रीतीप्रमाणे दोन्ही पाय काळ्या-पांढऱ्या लोकरीच्या दोरीनं बांधलेले. ती कापली की पोरानं चालायचं. आणि जो कापेल त्याची चाल पोराला लागते, म्हणून धावण्याच्या शर्यती जिंकणारा त्याचा चुलतकाका सेरीक बाह्या सरसावून तयार होता.

अल्दियारच्या आईनं, बोतागोझनं, सुरी मात्र नणंदेपुढं धरली. "ताई, तुम्ही कापा."

अक्मरल तळलेल्या बाउर्साकांचं ताट घेऊन तशीच उभी राहिली.

"अगं बाई!" झाउरेकाकू कडाडली. "चांगल्या दिवशी पोराच्या पायात दवाखाना बांधतेस होय? हिच्या किडन्या लहानपणापासून..."

"ठाऊक आहे, काकू. रोज सकाळी यांच्या गोळ्यांना पाणी मीच देते."

नवव्या वर्षी अक्मरल सुजलेल्या तोंडानं दवाखान्यात पडली होती. लुपसच्या आजारासारखं दिसतंय, पण लुपस नाही, असं डॉक्टर म्हणत. अशा मुलांचं पुढं काय होतं, ते त्यांनाही धड सांगता येत नव्हतं. दोनदा दुखणं उलटलं. हल्ली तपासण्या चांगल्या येत होत्या. पण 'बरी झालीस' असं अजून कुणी म्हटलं नव्हतं.

"वहिनी, नको गं," ती हळूच म्हणाली. "उद्या ह्याला काही झालं, तर मी जगू कशी?"

"सेरीकभाऊजी दोन मिनिटं पळतात. तुम्ही हे दुखणं घेऊन सतरा वर्षं चालताय, ताई. माझ्या पोराला ती चाल हवी."

अंगणात कुजबुज सुरू झाली. सेरीकनं पुढं होऊन अक्मरलच्या हातातलं ताट काढून घेतलं. "काप गं. मी तोवर खातो."

अक्मरलनं सुरी घेतली, ती लोकरीवरून दोनदा घसरली. शेवटी दोरी तुटली. बायकांनी चॉकलेटं उधळली. अल्दियारनं एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि तिसऱ्याला पालथा पडला.

"सांगत होते ना मी!" काकू त्याला उचलायला धावली.

अक्मरल आडवी आली.

"हात लावू नका, काकू. उठेल तो."