घरीच असते

हा नववा डॉक्टर. तिची फाईल आता दोन पिशव्यांत मावेनाशी झाली होती. हात थरथरतात, हिरड्या दुखतात, अंगात त्राण नाही, तोंडाला कायम लोखंडाची चव. रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल.

"कुठे कामाला जाता?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे, घरीच असते ती," नवऱ्याने परस्पर सांगून टाकलं.

डॉक्टरांनी 'गृहिणी' असं लिहिलं, मनाला लावून घेऊ नका म्हणाले आणि झोपेच्या गोळ्या दिल्या.

घरी आल्याआल्या तिने नवऱ्याचे कपडे धुवायला काढले. थर्मामीटरच्या कारखान्यात तो हातमोजे आणि मास्क घालून पारा भरायचा. कपडे तिथेच फुकट धुऊन मिळायचे, पण त्या धुण्याने मळ निघत नाही असं तिचं ठाम मत. तिने शर्टाच्या बाहीची दुमड सोडून झटकली, तसे चार-पाच चंदेरी मणी फरशीवर घरंगळले. नेहमीसारखेच. लेक धावत आली आणि ते गोळा करून आपल्या खेळातल्या बाटलीत भरू लागली.

"आई, बघ ना," ती हसत म्हणाली, "माझेही हात तुझ्यासारखेच नाचायला लागलेत."