रेघेखाली

माईक हातात आला तशी तृप्तीनं तिचं ठरलेलं वाक्य सांगितलं. "खेळ अर्धा टाकून पोरीला येऊ देऊ नका, हे माझ्या आईचे शेवटचे शब्द होते."

अड्याळच्या शाळेच्या पटांगणात टाळ्या वाजल्या. बायांनी पदर डोळ्यांना लावले. पहिल्या रांगेत बसलेले आनंदराव गळ्यातल्या हाराची फुलं तोडत राहिले. त्यांची मुलगी परदेशातली मोठी स्क्वॉश स्पर्धा जिंकून आली होती. गावाला हा खेळ अजून नीट कळला नव्हता. चेंडू भिंतीवर मारायचा, भिंत काही हरत नाही, मग हरतं कोण, असं सरपंच टेकचंद मघाशी भाषणातच म्हणाले होते. सगळ्यांत मोठ्यानं तृप्तीच हसली होती.

ते वाक्य आनंदरावांनी तिला दिलं होतं. ते खोटं होतं.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात त्यांची बायको रत्नमाला शेवटचं बोलली ते वेगळंच होतं. "तृप्तीले बोलाव. तिच्या हातचं घोटभर पाणी पाज मले." तृप्ती तेव्हा चेन्नईत होती, राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत. आनंदराव बायकोला हो म्हणाले. व्हरांड्यात गेले, फोन हातात घेतला आणि लावला नाही. डॉक्टर म्हणाले होते, अजून दोन-चार दिवस निघतील. उद्याचा एक सामना होऊ दे, मग लावू, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी रत्नमाला गेली. तिकडे त्याच वेळी तृप्ती जिंकली.

ती घरी पोचली तेव्हा आईला पांढऱ्या कापडात गुंडाळून ठेवलेलं होतं. मले काहून नाही बोलावलं, एवढंच तिनं विचारलं. आनंदरावांच्या तोंडून ते वाक्य निघून गेलं. रत्नमालाची बहीण मालन दाराशी उभी होती. दवाखान्यात तीही होती. तिनं तोंड फिरवलं.

गाव मात्र गप्प बसलं नाही. माय मरून राहिली होती अन् बापाले कप पाहिजे होता, असं बाया नळावर बोलायच्या. चहाच्या टपरीवर आनंदराव आले की बाक रिकामा व्हायचा. मग तृप्तीनं टीव्हीवर मुलाखतीत ते वाक्य सांगितलं. हळूहळू बोलणं थांबलं. लोक पुन्हा जय भीम घालू लागले.

सत्कार आटोपून दोघं घरी आले. ऊन उतरलं होतं. तृप्तीनं बूट चढवले आणि रॅकेट घेऊन मागच्या गल्लीत गेली. तिथं धानाच्या गोदामाची उंच भिंत होती. आनंदराव एका कारखान्याच्या क्लबात स्क्वॉशचं कोर्ट झाडायचे, तेव्हा साहेब लोकांनी टाकलेले काळे चेंडू घरी आणायचे. त्या चेंडूंवर तृप्ती याच भिंतीशी शिकली. गुडघ्याएवढ्या उंचीवर गेरूची आडवी रेघ रत्नमालानं ओढली होती. चेंडू रेघेच्या खाली लागला की गुण गेला.

रत्नमाला तांदूळ निवडत पायरीवर बसायची. मान वर न करता नुसत्या आवाजावरून सांगायची, "खाली." तृप्ती रडायची, पाय आपटायची. आनंदराव म्हणायचे, जाऊ दे ना, लेकरू आहे. रत्नमाला म्हणायची, खाली म्हणजे खाली. पुढं मोठ्या कोर्टावर खाली लागलेला चेंडू पंचाच्या नजरेतून सुटला तरी तृप्ती स्वतः हात वर करून गुण सोडून द्यायची. त्यापायी ती हरलीसुद्धा. सोबतच्या पोरी तिला हसायच्या.

पावसानं रेघ धुऊन गेली होती. तृप्ती येणार म्हणून आनंदरावांनी सकाळीच गेरू कालवून नवी ओढली होती, जराशी वाकडी. आता ते पायरीवर बसले, रत्नमालाच्या जागेवर. चेंडू भिंतीवर वाजत होता. एक चेंडू रेघेखाली लागला. तृप्तीनं मागं वळून पाहिलं.

"खाली," आनंदराव म्हणाले.

ती हसली. "आज पहिल्यांदा म्हटलं तुमी."

तिचं हसणं त्यांना सहन झालं नाही. पायरीच्या कडेला हात टेकून ते कसेबसे उठले. दुपारच्या टाळ्या अजून कानात होत्या. यापुढं प्रत्येक गावात, प्रत्येक माईकवर हीच टाळी वाजणार होती. सांगितलं तर पोर तुटेल, पुन्हा तोंड पाहणार नाही, हे त्यांना कळत होतं.

"तृप्ती, तुझी आई तसं बोललीच नव्हती. तुले बोलाव म्हणत होती. मीच फोन नाही लावला."

तृप्तीनं पायाशी आलेला चेंडू उचलला आणि तळहातावर फिरवला. 

"माहीत हाये, बाबा. मालन मावशीनं त्याच दिवशी सांगितलं."

आनंदरावांनी विचारलं, "मग लोकाईत काहून सांगतेस तसं?"

"तुमाले याच गावात राहाचं होतं ना."

ती भिंतीकडं वळली. रॅकेट उचलली आणि चेंडू मारला. तो रेघेच्या चांगला वीतभर खाली लागला. "खाली" असं दोघांपैकी कोणीच म्हटलं नाही.